आभाळ बंद झालं की घरची वाट रस्त्यानं



गेल्या खेपेला आपण गटाच्या दप्तराविषयी बोललो. आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हे आमचं काम न्हवं. परदेशी गेलेल्या आपल्या माणसाला घरी यायचंय, पण त्या देशातून विमानच उडत नाही. मग तो गाडीनं शेजारच्या देशाची हद्द ओलांडतो आणि तिथनं विमान धरतो. हे कधी घडतं, कसं घडतं, आणि तेव्हा घरात बसलेल्या बाईजवळ काय असावं लागतं, ते आज सांगणार आहोत. रेडिओ बंद करू नका. आम्ही ज्या गावांत गटांच्या बैठका घेतो, त्यातलं एक गाव असं नाही की जिथलं कुणी बाहेरदेशी नाही. कुणाचा भाऊ दुबईत गाडी चालवतो, कुणाचा पोरगा डॉक्टरकी शिकायला गेलाय, कुणाची लेक लग्न होऊन मस्कतला आहे, कुणाचा मालक आफ्रिकेतल्या साखर कारखान्यात फिटर आहे.

आधी हद्द म्हणजे काय ते बघू. कागलच्या पुढं कोगनोळी आली की कर्नाटक. आपण निपाणीला जातो, बेळगावला पाव्हण्यांकडं जातो, तेव्हा दुकानांच्या पाट्या बदलल्या की कळतं, राज्य बदललं. कुणी अडवत नाही, कुणी विचारत नाही. पण २०२१ साली कोरोनात त्याच कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा रिपोर्ट मागत होते, आणि नसेल तर गाडी माघारी फिरवत होते. रस्ता तोच, माणसं तीच, पाव्हणेही तेच. कागद नाही म्हणून वाट बंद. हे आपल्यातल्या पुष्कळजणींनी सोसलंय, त्यामुळं पुढचं समजायला जड जाणार नाही.

विमानाचं म्हणाल तर आपला उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या वेळचा, १९३९ सालचा. मार्च २०२४ मध्ये त्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. पण परदेशी जायचं तर अजून मुंबई, पुणे नाहीतर गोव्यातलं मोपा गाठावं लागतं. मोपाला जातानाही आपण हद्द ओलांडतोच, फक्त ती राज्याची असते. एके काळी ती देशाची होती बरं का! १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीजांकडं होता. सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला डोंगरापलीकडचं गाव म्हणजे परदेश. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही ती हद्द ओलांडून आत शिरले तेव्हा पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. आज त्याच बाजूनं आपण आंबोलीचा घाट उतरून विमान गाठायला जातो.

आता देशाच्या हद्दीकडं येऊ. सगळ्यात मोठा प्रसंग १९९० सालचा. २ ऑगस्टला इराकनं कुवेतवर चढाई केली. तिथं तेव्हा दीड लाखाच्या वर भारतीय होते. कुवेतचा विमानतळ बंद. मग लोक बसनं, मिळेल त्या गाडीनं निघाले. आधी इराकमध्ये, बसरा, बगदाद, मग वाळवंटातनं जॉर्डनच्या हद्दीवर, आणि तिथनं अम्मान शहर. हजार किलोमीटरच्या वरचा रस्ता, ऑगस्टचं ऊन आणि हद्दीवर तंबू. अम्मानहून एअर इंडियानं दोन महिन्यांत ४८८ फेऱ्या करून एक लाख अकरा हजारांवर माणसं मुंबईला आणली. त्यावर पुढं सिनेमाही निघाला, तो काहीजणींनी टीव्हीवर बघितला असेल. सिनेमात विमान जास्त दिसतं. खरी अडचण होती कागदांची. आखातात कामगाराचा पासपोर्ट मालक स्वतःकडं ठेवून घ्यायचे. मालक पळाला, कपाटाला कुलूप. मग हा माणूस भारतीय आहे हे हद्दीवर दाखवायचं कशानं? अशा वेळी आपली वकिलात भारतात परत येण्यापुरता एक दाखला देते, त्याला इमर्जन्सी सर्टिफिकेट म्हणतात. पण तो करायलाही जुन्या पासपोर्टचा नंबर किंवा झेरॉक्स असली तर काम हलकं होतं. ती झेरॉक्स कुठं असायला पाहिजे? घरात.

आता दुसरा प्रसंग, तो आमच्या डोळ्यांदेखतचा. २०२२ सालचा, युक्रेनचा.

आमच्या एका गटाच्या खजिनदार ताई आहेत. नाव सांगत नाही, गावही नाही. अडीच एकर ऊस, तीन म्हशी, आणि थोरला मुलगा युक्रेनमधल्या विनित्सा गावी डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला. इथं खासगी कॉलेजची फी झेपत नाही म्हणून तिकडं पाठवलेला. बँकेचं कर्ज, शिवाय ताईंचे दागिने गहाण. त्या वर्षी युक्रेनमध्ये जवळपास वीस हजार भारतीय होते, आणि त्यात बहुतेक अशीच शिकणारी पोरं.

२४ फेब्रुवारीला, गुरुवारी पहाटे, रशियानं हल्ला केला. युक्रेननं आपलं आभाळ बंद केलं. पोरांना आणायला दिल्लीहून निघालेलं एअर इंडियाचं विमान वाटेतनं माघारी फिरलं. ताईंना हे टीव्हीवर कळलं. त्या धारा तशाच टाकून आमच्याकडं आल्या.

दुसऱ्या दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयात नावं नोंदवून घेत होते. तिथं विचारलं, मुलगा कुठल्या शहरात? ताई म्हणाल्या, "युक्रेनात." कॉलेजचं नाव? पासपोर्ट नंबर? मित्राचा फोन? ताईंच्या ओठांना कोरड पडली. मुलाच्या बापाजवळ एजंटाचा नंबर होता, तो बंद. ज्या पोराला नऊ महिने पोटात वाढवला, त्याच्या गावाचं नाव त्या माउलीला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच कुणाला वाटली नव्हती! शेवटी कागद सापडला तो बँकेत, शैक्षणिक कर्जाच्या फायलीत. तिथल्या बाईंनी जेवणाची सुट्टी सोडून फाईल शोधली आणि पासपोर्टची झेरॉक्स काढून हातात दिली. त्यांचे उपकार.

तिकडं पोरांना आपल्या सरकारचा निरोप आला होता. पासपोर्ट जवळ ठेवा, जमतील तितके डॉलर रोख ठेवा, कोरोनाच्या लसीचं सर्टिफिकेट घ्या, आणि गाडीच्या काचेला तिरंगा चिकटवा. मुलानं नंतर सांगितलं, झेंडा छापायला जागा नव्हती म्हणून होस्टेलच्या मुलींनी कागद रंगवले. पोरांनी पैसे काढून बस ठरवली आणि रोमानियाच्या हद्दीकडं निघाली. साडेतीनशे किलोमीटर म्हणजे आपल्या इथनं जवळजवळ मुंबई. एरवी पाच-सहा तासांची वाट. पण अख्खा देश त्याच रस्त्यावर होता. बसवाल्यानं हद्दीच्या अलीकडंच काही किलोमीटरवर उतरवलं, पुढं गाड्यांची रांग हलत नव्हती. मग पाठीवर बॅग आणि पायी.

पोलंडच्या बाजूला गेलेल्या पोरांना तर शेहिनीच्या नाक्यापर्यंत वीस-वीस किलोमीटरच्या वर बर्फात चालावं लागलं. आपल्या जोतिबाला पायी जाणाऱ्यांना वीस किलोमीटरचं काही वाटणार नाही. पण थंडी शून्याच्या खाली, अंगावर सगळे कपडे एकावर एक, फोनची बॅटरी संपत आलेली, आणि नाक्यावर पोचल्यावर पुन्हा एक-दोन रात्री उघड्यावर. रांगेत सगळीकडं बायका आणि लेकरं. कारण अठरा ते साठ वयाच्या पुरुषांना युक्रेननं देशाबाहेर जायला मनाई केली होती. नवरा नाक्यापर्यंत यायचा, बायको-लेकरांना सोडायचा आणि माघारी जायचा. मुलगा म्हणाला, "काकी, ते बघून आमची भूक मेली."

हद्द ओलांडली की रोमानिया. तिथल्या गावच्या लोकांनी, ज्यांना आपला देश नकाशावर दाखवता आला असता का कुणास ठाऊक, त्यांनी गरम सूप दिलं, चादरी दिल्या, फोनची कार्डं दिली. रोमानियानं, पोलंडनं आपल्या पोरांना व्हिसा नसताना आत घेतलं. तिथनं बसनं बुखारेस्ट, रातभराचा प्रवास, आणि मग विमान. पहिलं विमान बुखारेस्टहून २१९ जणांना घेऊन २६ फेब्रुवारीला मुंबईत उतरलं. ताईंच्या मुलाचा 'हद्द पार झाली' असा मेसेज महाशिवरात्रीला आला. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं, त्यामुळं ताई तीन रात्री फोन उशाला घेऊन जाग्याच होत्या.

सगळे इतके नशीबवान नव्हते. त्याच १ मार्चला खारकीव्ह शहरात आपल्या शेजारच्या कर्नाटकातला एक विद्यार्थी मारला गेला. दुसऱ्या दिवशी तिथल्या पोरांना निरोप गेला, संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडा, गाडी मिळाली नाही तर चालत निघा. अकरा, बारा आणि सोळा किलोमीटरवरच्या तीन गावांची नावं सांगितली होती. आणि त्याच्या चारच दिवस आधीचा निरोप होता, अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय हद्दीकडं जाऊ नका. दोन्ही निरोप आपापल्या जागी बरोबर. ज्या शहरात बॉम्ब पडत नव्हते तिथल्यानं नाक्यावर गर्दी करण्यापेक्षा आत थांबणं बरं, आणि जिथं पडत होते तिथल्यानं निघणं बरं. म्हणून आज आलेला निरोप, तोही वकिलातीचा, तेवढाच खरा धरायचा. परवाचा व्हॉट्सॲप फिरवत बसायचं नाही. त्या आठवड्यात आमच्याच गावांतल्या ग्रुपवर 'अमुक नाका उघडा आहे' असे मेसेज फिरत होते. ते कुणी लिहिले आणि कुठं बसून लिहिले, देव जाणे. जवळचा नाका उघडा असेलच असं नाही, आणि उघडा असलेला रिकामा असेलच असंही नाही.

त्या मोहिमेचं नाव ऑपरेशन गंगा. नव्वद विमानं, त्यातली चौदा हवाई दलाची, आणि साधारण साडेबावीस हजार माणसं परत आली. विमानाचं तिकीट पोरांना पडलं नाही. पण हद्दीपर्यंतची बस, खाणं, वाटेतली जागा, हे ज्याचं त्यानं केलं. म्हणजे सरकारचं विमान शेजारच्या देशात उभं असतं, आणि तिथवर आपल्या माणसानं आपल्या पायांनी, आपल्या पैशानं पोचायचं असतं. हे नीट ध्यानात घ्या.

यातली एक गोष्ट आम्हाला फार लागली. ती ताईंनी पुढं महिन्याभरानं, बैठकीत हप्ते लिहिता लिहिता सांगितली. हल्ल्याच्या आधी, १५ फेब्रुवारीलाच वकिलातीनं सांगितलं होतं की ज्यांना थांबायची गरज नाही त्यांनी तूर्त निघून यावं. तेव्हा आभाळ उघडं होतं. साधं तिकीट काढून, विनित्साहून गाडीनं विमानतळ गाठून, बसून यायचं होतं. पण कॉलेज हजेरी मागत होतं आणि तिकीट नेहमीपेक्षा कितीतरी महाग झालं होतं. मुलानं बापाला फोन केला. बाप म्हणाला, ऊसबिल जमा होऊ दे, मग बघू. बिल यायला पंधरा दिवस होते. हे बोलणं झालं तेव्हा ताई पलीकडच्या खोलीत होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही. आणि त्यांच्याच सहीनं चालणाऱ्या गटाच्या खात्यावर त्या दिवशी तिकिटापेक्षा जास्त रक्कम पडून होती.

आम्ही बापाला दोष देत नाही. ऊसबिलावरच ज्याचं वर्ष चालतं तो दुसरं काय म्हणणार? पण घरात पैशाची दुसरी वाट होती आणि ती बाईच्या पदराला बांधलेली होती, म्हणून कुणाला दिसली नाही. पंधरा दिवस थांबायच्या नादात पोराला बर्फातनं हद्द ओलांडावी लागली.

त्यानंतर आमच्या गटांनी एक ठराव केला. घरातलं माणूस परदेशात अडचणीत असेल तर मासिक बैठकीची वाट न बघता, अध्यक्ष आणि सचिव यांच्या सहीनं त्याच दिवशी अंतर्गत कर्ज द्यायचं, आणि पुढच्या बैठकीत ते वाचून कायम करायचं. किती रक्कम द्यायची हे ज्या त्या गटानं आपल्या शिलकीप्रमाणं ठरवलंय. एका गटात यावर भांडणही झालं. एक आजी म्हणाल्या, "इमानात बसणाऱ्यास्नी कशाला गटाचं पैसं?" त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. औतकामाला, दवाखान्याला कर्ज मागणाऱ्या बाईला रांगेत ठेवून परदेशवाल्याला आधी का द्यायचं? शेवटी त्या गटानं दोन्हीला एकच नियम लावला, दवाखाना आणि परदेश. आम्हाला ते जास्त पटलं.

असे प्रसंग तिथंच संपले नाहीत. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुदानमध्ये लढाई पेटली. तिथं केनाना नावाचा मोठा साखर कारखाना आहे. सांगली जिल्ह्यातली कारखान्याच्या कामाची माणसं तिथं अडकल्याच्या बातम्या आपण वाचल्या. सुदानमधल्या आपल्या लोकांना बसनं समुद्राकाठच्या पोर्ट सुदान बंदरात आणलं, तिथनं जहाजानं नाहीतर हवाई दलाच्या विमानानं समुद्रापलीकडं सौदीतल्या जेद्दाला, आणि मग घरी. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायलची लढाई झाली, तेव्हा इराणमधली शंभराच्या वर पोरं बसनं आर्मेनियाच्या हद्दीपार गेली आणि तिथल्या येरेवान शहरातून विमानात बसली. इस्रायलमधले लोक जॉर्डन आणि इजिप्तच्या बाजूनं निघाले. दरवेळी देश वेगळा, रीत तीच.

म्हणून आमच्या गटांच्या दप्तरात आता एक पान वाढवलंय. ज्या सभासदाच्या घरचं माणूस बाहेरदेशी आहे, तिनं त्यावर लिहायचं. माणसाचं नाव पासपोर्टवर जसं आहे तसं, पासपोर्ट नंबर, देश आणि शहर, कंपनी किंवा कॉलेज, तिथल्या एका मित्राचा फोन. आणि त्या देशाला लागून कुठले देश आहेत त्यांची नावं. हे शेवटचं लिहिताना बायका हसतात. मग शाळेतला नकाशा काढतो, पोरांना विचारतो. एका ताईंना आता ओमानच्या शेजारचे सगळे देश पाठ आहेत, त्यांच्या नवऱ्याला नाहीत.

पासपोर्टची झेरॉक्स घरात डब्यात एक आणि फोटो आपल्या स्वतःच्या फोनमध्ये एक. मुलाच्या, दिराच्या फोनमध्ये असून चालत नाही, त्यांचाच फोन लागत नसतो. पासपोर्टची मुदत संपायची तारीखही बघून ठेवा. आणि आपल्या माणसाला सांगा, तिकडं पोचल्यावर पहिल्या आठवड्यात भारतीय वकिलातीत नाव नोंदव. नोंद असली की निरोप थेट त्याच्या फोनवर येतो. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' नावाचं पोर्टल आहे, त्यावर घरचं माणूसही तक्रार घालू शकतं. गावातल्या सेवा केंद्रात जाऊन घालता येते. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, तो पुराच्या वेळी आपण लावलाच आहे.

शेवटी, बाईनं स्वतः कामाला जायचं असेल तर. दहावी न झालेल्या बाईला आखातासारख्या देशांत कामाला जायचं तर वय तीस पूर्ण लागतं आणि सरकारची परवानगी लागते. ती ई-मायग्रेट नावाच्या व्यवस्थेतून मिळते, सोबत दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमाही होतो. एखादा एजंट म्हणाला, फिरायला जायच्या व्हिसावर चला, तिकडं बघू, तर त्या बाईचं नाव कुठल्याच यादीत नसतं. उद्या आभाळ बंद झालं तर तिला शोधायला कुणी निघायचं कशावरून? आमच्याकडं अशी एक वहिनी मागच्या दिवाळीत निघाली होती. तिच्या जावेनं पान काढून विचारलं, "पासपोर्ट नंबर सांग, लिहिते." पासपोर्ट एजंटाकडं होता. तो परत आणायला दोन हेलपाटे झाले, पण आणला. आता ती दहावीला बसलीय, सतरा नंबरचा फॉर्म भरून.

पुढच्या बुधवारी याच वेळेला दुभत्या जनावरांच्या विम्याबद्दल बोलू. नमस्कार.